आमच्याकडच्या क्लबाचा नेतृत्व वर्ग: आठ रविवारांचा अनुभव, पाचपैकी चार स्टार

आधी सांगून टाकते, हा वर्ग मी दोन्ही बाजूंनी बघितलाय. माझी लेक अकरावीला आहे, ती तरुणांच्या गटात होती आणि मी मोठ्यांच्या गटात, स्वयंसेवक म्हणून. तिची फी पाचशे, माझी सातशे, त्यात दुपारचं जेवण. जानेवारी ते मे, मधे परीक्षा आणि शिमगा सोडून आठ रविवार. शिमग्यात वर्ग ठेवला नाही यातच कळलं की चालवणारी माणसं इथलीच आहेत, पालखी घराघरात फिरत असताना इथे वर्गाला कोण येणार. क्लबाचं नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत. आम्ही दापोली तालुक्यातले, हर्णैच्या बाजूचे, एवढं पुरे.

नेतृत्व म्हटल्यावर मला वाटलेलं माइक धरून "सन्माननीय व्यासपीठ" म्हणायला शिकवतील, दोन-चार भाषणं घोकून घेतील, शेवटी सर्टिफिकेट आणि फोटो. पहिल्या रविवारी भाषण सोडाच, कुणाला माइकसुद्धा दिला नाही. हॉलची किल्ली दिली. खरीखुरी किल्ली, सुतळीला बांधलेली, आणि गुरुजी म्हणाले (निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत, वर्ग तेच आणि एक मॅडम मिळून घेतात) पुढच्या रविवारपासून हॉल उघडणं, झाडणं, सतरंज्या, पाणी, बंद करून दिवे-पंखे बघणं सगळं तरुणांच्या गटाकडे, मोठ्यांनी हात लावायचा नाही. मला तेव्हा हे फार किरकोळ वाटलं, सातशे रुपये देऊन झाडू मारायला शिकवतायत की काय असंही मनात आलं.

तिसऱ्या रविवारी किल्ली पाजपंढरीच्या एका पोराच्या घरी दुसऱ्या पँटच्या खिशात राहिली. आम्ही सगळे बाहेर उंडीच्या झाडाखाली उभे, मोठ्यांपैकी तिघे एकदम गाडीची चावी काढून "मी जातो, पाच मिनिटांत आणतो". गुरुजींनी तिघांना थांबवलं, म्हणाले ज्याच्याकडे किल्ली होती तो बघेल. तो पोरगा आधी लालबुंद झाला, मग बाजूला जाऊन भावाला फोन केला, भाऊ झोपलेला, मग आईला केला. चाळीस मिनिटं गेली. पण त्या चाळीस मिनिटांत पोरांनी तिथेच झाडाखाली ठरवलं की दुसरी किल्ली करून घ्यायची, एक हर्णैला एक आंजर्ल्याला, आणि शनिवारी रात्री ग्रुपवर "किल्ली आहे" असा मेसेज टाकायचा. त्यानंतर शेवटपर्यंत एकदाही दार बंद सापडलं नाही. मोठ्यांपैकी कुणी गाडीवरून किल्ली आणली असती तर पोरांनी यातलं काही केलं नसतं, हे मला त्याच दिवशी कळलं असं नाही, दोन रविवार गेले तेव्हा कळलं.

दुपारी बैठक असते, खरी बैठक. तरुणांचा गट आपला अध्यक्ष, सचिव, खजिनदार चिठ्ठी टाकून निवडतो, हात वर करून नाही, कारण हात वर केला की कोण कुठल्या वाडीचा हे बघूनच मतं पडतात (आपल्याकडे हे सांगायला नको). विषयपत्रिका, मागचं इतिवृत्त वाचून कायम करणं, ठराव, सूचक, अनुमोदक, मग चर्चा, मग मतदान. ग्रामसभेच्या वहीत हे शब्द आपण वाचतो आणि पाठीमागून अंगठे-सह्या करतो, पण पंधरा वर्षांची मुलगी जेव्हा "या ठरावाला अनुमोदन कोण देतंय" असं विचारते आणि कुणी देत नाही आणि ठराव तिथेच पडतो, आणि ज्याने मांडला तो पुढच्या बैठकीला तोच ठराव खर्चाच्या आकड्यासकट मांडतो, तेव्हा या पद्धतीत काय ताकद आहे ते दिसतं. लेकीने घरी येऊन मला विचारलं, आई आपल्या ग्रामसभेत तू कधी ठराव मांडलास? नाही मांडला. सव्वीस जानेवारीची आणि एक मेची ग्रामसभा मी इतकी वर्षं बघतेय, महिलांची वेगळी सभा होते तिथेही जाते, २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत, पण ठराव मांडायचा म्हणजे नक्की काय करायचं हे मला कुणी कधी दाखवलं नव्हतं.

आता मोठ्यांच्या गटाबद्दल, कारण माझ्या मते या वर्गाचा खरा कस तिथे आहे.

आम्ही मोठी माणसं अठरा जणं होतो. दोन अंगणवाडी सेविका, वाचनालयाचे एक जण, मंडळांची माणसं, बचत गटाच्या चौघी, एक रिक्षावाले दादा, मी खानावळवाली. आम्हाला मॅडमनी पहिल्या दिवशी एकच काम दिलं, पोरांच्या बैठकीला मागच्या रांगेत बसायचं आणि बोलायचं नाही. आणि त्या स्वतः वही घेऊन बसल्या. बैठक संपल्यावर वाचून दाखवलं, पंचवीस मिनिटांत मोठे अकरा वेळा बोलले. त्यातले चार वेळा मी. मला तर एकदाही बोलल्याचं आठवत नव्हतं! "अरे आधी खर्चाचं बघा", "त्याला विचारा ना", "तसं नको", असं आपण बोलतो ते आपल्याला बोलणं वाटतच नाही. मॅडमनी तेही लिहून ठेवलं होतं की प्रत्येक वेळी मोठं माणूस बोललं की पोरांची तोंडं मागे वळली आणि पुढचं कुणी बोललं नाही. हे ऐकून सगळे गप्प झाले, रिक्षावाले दादा म्हणाले माझ्या घरात पण असंच होत असणार.

पाचव्या रविवारी तो आकडा दोनवर आला. दोन्ही वेळा पोरांनी स्वतः विचारलं म्हणून आम्ही बोललो.

मग ती शिडी. रॉजर हार्ट नावाच्या माणसाने १९९२ साली युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्या म्हणजे सहभाग नाहीच, एक मोठ्यांच्या मतलबासाठी मुलांना वापरणं, दोन शोभेला उभं करणं, तीन नावापुरतं घेणं. मग चढत चढत वर, कामं नेमून देणं पण का ते सांगून, मत विचारणं, आणि सगळ्यात वरती मुलांनी स्वतः सुरू केलेलं काम ज्यात निर्णय मोठ्यांच्या सोबतीने होतात. मॅडमनी फळ्यावर शिडी काढली आणि आम्हाला म्हणाल्या आपापल्या मंडळाचे वर्षभराचे कार्यक्रम या शिडीवर लावा. मी लावायला बसले. गणपतीत पाहुणे येतात तेव्हा मुलींना नऊवारी नेसवून आरतीचं ताट घेऊन दारात उभं करतो, दुसरी पायरी. मी स्वतः नेसवलेत. वार्षिक सभेत "युवा प्रतिनिधी" म्हणून एकाला खुर्ची, बोलू कधी दिलं नाही, तिसरी. पोरं मांडव घालतात, रात्रभर जागतात, वर्गणी फिरतात, पण वर्गणी किती घ्यायची आणि कशावर खर्च करायची हे मुंबई मंडळाच्या (गावातून मुंबईला गेलेल्यांचं मंडळ) मीटिंगमध्ये ठरतं. हे कोकणातल्या कुठल्याही गावाला लागू आहे, चाकरमान्यांचा पैसा मोठा आहे आणि त्यांची गावावरची मायाही खरी आहे, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही, पण बारा महिने गावात राहणाऱ्या वीस वर्षांच्या पोराला जर गावाच्या कुठल्याच गोष्टीत निर्णय नसेल तर तोही बारावी झाली की मुंबईची गाडी धरणार, आणि मग आपणच म्हणणार गावात तरुण राहिले नाहीत.

गुरुजींनी एका सत्रात बाहेरचं उदाहरण सांगितलं ते मला फार आवडलं म्हणून लिहिते. अमेरिकेत ओहायो राज्यात १९०२ साली ए. बी. ग्रॅहम नावाच्या शिक्षकाने शेतकऱ्यांच्या मुलांचा क्लब काढला, मक्याचं बी, भाजी, माती तपासणं अशी कामं. पुढे ते वाढत वाढत फोर-एच म्हणून झालं, चार एच म्हणजे हेड, हार्ट, हँड्स, हेल्थ, आणि १९१४ च्या कायद्याने तिथल्या कृषी विद्यापीठांच्या विस्तार सेवेला (म्हणजे विद्यापीठातलं ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोचवण्याच्या कामाला) आधार मिळाला, तिच्यामार्फत ते देशभर पोचलं. गंमत म्हणजे मोठे शेतकरी विद्यापीठाचं नवीन बियाणं घ्यायला तयार नव्हते, पण पोरांनी घरच्या तुकड्यात लावून दाखवलं की बाप बघायला यायचे. आजही तिथे क्लबाची बैठक मुलंच चालवतात, आपल्या प्रकल्पाची वही मुलंच लिहितात आणि मोठी माणसं स्वयंसेवक म्हणून बाजूला असतात. घोषवाक्य "करून शिका". हे ऐकताना मला एकच वाटत होतं, आपल्या दापोलीत १९७२ पासून कोकण कृषी विद्यापीठ आहे, इथून अर्ध्या तासावर, त्यांचाही विस्तार शिक्षणाचा विभाग आहे, क्लबाने त्यांना बरोबर घेतलं तर पोरांना आंबा-काजू-नारळात खरं काम करता येईल. अभिप्रायाच्या कागदावर मी हे लिहिलंय.

पोरांनी जो प्रकल्प निवडला तो माझ्या डोळ्यांसमोर झाला. पर्याय बरेच होते, किनारा साफसफाई, वाचनालयाची पुस्तकं, क्रिकेटचं पिच. मत पडलं "पावसाळ्याआधीची यादी" ला. कल्पना आंजर्ल्याच्या एका मुलीची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनला किनाऱ्याला लागलं तेव्हा ती लहान होती, तिच्या आजोबांचं कौलारू घर उघडं पडलं, आणि तिला आठवतं ते एवढंच की दोन दिवस आजोबा कुठे आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं आणि ते शेजारच्या गोठ्यात बसलेले होते. आमच्या पट्ट्यातल्या प्रत्येकाकडे निसर्गची अशी एक गोष्ट आहे. नारळ-पोफळी आडव्या झाल्या, वीज कित्येक दिवस नाही, फोन नाही, रस्त्यावर झाडं. तेव्हा मदत भरपूर आली, पण कुणाच्या घरी कोण एकटं आहे, कुणाला इन्सुलिन लागतं, झाड कापायची मशीन कुणाकडे, जनरेटर कुणाकडे, हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. तर पोरांनी तीन वाड्या घेतल्या, एकसष्ट घरं, दोघादोघांच्या जोड्या, एक मुलगी एक मुलगा, आणि मागे एक मोठं माणूस, वीस पावलं लांब. जोड्या मुद्दाम वेगवेगळ्या वाड्यांच्या, चिठ्ठ्या टाकून.

माझ्या लेकीबरोबर बंदरावरचा एक पोरगा होता. वाडीच्या टोकाला एक आजी एकटी राहते, दोन मुलगे, एक विरारला एक दिव्याला. हे दोघं पडवीत जाऊन उभे राहिले. आजीने पहिलं विचारलं, "कुणाची गो तू?" लेकीने नाव, वाडी, आजोबांचं नाव सांगितलं. मग आजीने पोराकडे बघितलं, "नि ह्यो?" पोराने बापाच्या होडीचं नाव सांगितलं. आजी म्हणाली त्या होडीची मासळी खाल्लेय मी, या आत.

लेकीने कागद काढून वाचलं, "आपत्कालीन संपर्क क्रमांक". आजी नुसती बघत राहिली. परत वाचलं. आजी म्हणाली, "काय लिवलंय ता?" मी वीस पावलांवर, तोंडात आलेलं गिळलं. लेक जरा थांबली, कागद मांडीवर पालथा घातला आणि म्हणाली, "आजी, वादळ आलं तर तू पहिली हाक कुणाला मारशील?" आणि आजीने एका सेकंदात सांगितलं, खालच्या घरातल्या सुनेला. मुलग्यांचं नाव नाही, सरपंचाचं नाही, खालच्या घरातली सून. तिचा नंबर आजीकडे नव्हता. पोरगा खाली धावत गेला, नंबर घेऊन आला, जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मार्करने बोटभर उंचीचे आकडे काढले आणि पिठाच्या डब्याच्या वर, जिथे आजीची नजर रोज जाते तिथे चिकटवला. औषधांचं विचारलं तर आजीने बिस्किटाचा पत्र्याचा डबा उघडला, त्यात तीन वर्षांपूर्वीच्या पण गोळ्या होत्या, तेही लिहून घेतलं आणि गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना सांगितलं.

पुढच्या बैठकीत लेकीने ठराव मांडला की फॉर्मवरचा तो रकाना बदलायचा, "पहिली हाक कुणाला" असं लिहायचं. चर्चा झाली, एक जण म्हणाला सरकारी भाषा हवी नाहीतर पंचायत घेणार नाही, दुसरी म्हणाली मग दोन्ही लिहू. मंजूर. आधी भरलेली चौदा घरं परत फिरले, उन्हात, एप्रिलमध्ये. चौदापैकी नऊ घरांत उत्तर बदललं. कुणीही त्यांना परत जा म्हणून सांगितलेलं नव्हतं. मी आई म्हणून नाही सांगत, कुणाचीही मुलगी असती तरी मी हे असंच लिहिलं असतं, कागद पालथा घालून समोरच्या माणसाच्या बोलीत विचारणं हे मी पन्नाशीतल्या साहेबांना जमलेलं बघितलेलं नाही.

हिशेबाचंही सांगायला हवं. खजिनदार पोराकडे प्रकल्पाचे अडीच हजार होते, महिन्याअखेरीस तीनशे चाळीस कमी. झेरॉक्स आणि मार्करला गेले होते पण बिल नाही. आमच्यातल्या एका काकांनी खिशात हात घातला, "असू दे, मी घालतो". मॅडम म्हणाल्या नाही, वहीत तीनशे चाळीस तूट अशीच दिसू दे, बैठकीत येऊ दे. बैठकीत आलं, पोराला कुणी चोर म्हटलं नाही, पण ठरलं की शंभराच्या वरचा खर्च दोघांच्या सहीशिवाय नाही आणि बिल नसेल तर व्हाउचरवर दुकानदाराची सही. तो पोरगा दुसऱ्या दिवशी झेरॉक्सवाल्याकडून दोनशे साठचं हातचं बिल घेऊन आला. ऐंशी रुपये शेवटपर्यंत तूटच राहिले, वहीत आहेत.

त्याच्याच जोडीने मोठ्यांना एक सत्र होतं, संस्था कागदावर कशी चालते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात माणसं लागतात, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, आणि विश्वस्त किंवा कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अर्ज टाकायचा असतो. हे शेवटचं ऐकल्यावर निम्मे लोक एकमेकांकडे बघायला लागले. आमच्या वाडीच्या मंडळाच्या कागदावर अजून जे अध्यक्ष आहेत ते वारून सहा वर्षं झाली. नवीन पिढी पुढे येत नाही म्हणतो आपण, पण कागदावरसुद्धा जागा मोकळी केलेली नाही. ते काम आता आम्ही हातात घेतलंय, वकिलाकडे कागद दिलेत.

एक रविवार वेळासला नेलं. तिथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कासवांची अंडी राखायचं काम गावकऱ्यांना घेऊन सुरू केलं, हे बऱ्याच जणांना माहीत असेल, पण पोरांना तिथे दाखवायचं होतं ते कासवाचं पिल्लू नाही (ते दिसलंच, आणि सगळे खूश). दाखवायचं होतं ते असं की पूर्वी जी माणसं वाळूत काठी खुपसून अंडी शोधायची, तीच पुढे पहाटे किनारा फिरून घरटी राखायला लागली. म्हणजे ज्ञान तेच, काम बदललं. गावात जेवलो, उकडीचे मोदक होते, आणि ज्या घरात जेवलो त्या काकी पाहुण्यांचं आरक्षण, हिशेब, भांडणं सगळं सांभाळतात, त्यांना कुणी नेतृत्वाच्या वर्गाला पाठवलेलं नाही. पोरांनी त्यांनाच जास्त प्रश्न विचारले.

सुरक्षेचं चोख आहे. एकही मोठं माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत किंवा गाडीवर नाही, कायम दोन मोठे, हा नियम गुरुजींनाही लागू. मोठ्यांची ओळखपत्रं, पोलीस पडताळणी, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्यावर एक तास. पालक म्हणून मला हे फार महत्त्वाचं वाटलं. चहाची पाळीही सगळ्यांना, पुरुषांना आणि मुलग्यांनाही, पहिल्या दिवशी बचत गटाच्या चौघी सवयीने उठल्या तेव्हा मॅडमनी त्यांना बसवलं.

आता तक्रारी.

वर्गाची वेळ साडेनऊ आणि आमच्या बाजूची एसटी येते सव्वादहाला. तीन वेळा सांगून झालं, वेळ बदलली नाही, आणि उशिरा येणाऱ्या पोरांची नावं फळ्यावर लिहिली जायची. हे बरोबर नाही. गाडी असलेल्या घरातली पोरं वेळेवर आणि एसटीने येणारी उशिरा, हा शिस्तीचा प्रश्न नाहीये.

एक पाहुणे वक्ते बाहेरून आणले होते, तीन तास स्लाइड, लीडर आणि मॅनेजर यातला फरक, सगळं इंग्रजीत लिहिलेलं, मधेमधे मराठीत बोलत होते पण उदाहरणं सगळी मोठ्या कंपन्यांची. बंदरावरची पोरं झोपली. तो पूर्ण रविवार फुकट गेला. आठातला एक रविवार म्हणजे थोडा नाही.

मासेमारीच्या घरातली पोरं कमी, चोवीसातली फक्त पाच, आणि त्यातलीही दोन एप्रिलनंतर येईनाशी झाली कारण बोटीवर माणूस कमी पडत होता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, पोरं जाळी विणत बसलेली असतात, तेव्हा एक बॅच ठेवा ना. पावसाचं कारण सांगतात पण हॉलला छप्पर आहे. हे मी बोलून पण दाखवलं, म्हणाले विचार करू.

आणि सगळ्यात मोठी तक्रार. जी संस्था आम्हाला शिडी शिकवते तिच्या स्वतःच्या कार्यकारिणीत तिशीच्या आतलं एकही माणूस नाही. शेवटच्या दिवशी तरुणांच्या गटाने ठराव केला, दोन जागा मताधिकारासह तरुणांना द्याव्यात (घटनेत बसेल तसं, अठरा पूर्ण असलेल्यांना), सर्वानुमते मंजूर, सचिव मुलीने सही करून अध्यक्षांना दिला. अध्यक्षांनी हसून घेतला, "छान छान" म्हणाले. अजून उत्तर नाही. एक स्टार मी याच्यासाठी कापलाय, उत्तर आलं की देईन.

दुसरीकडे काय मिळतं असं कुणी विचारेल म्हणून थोडक्यात. एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, १९६९ पासून आहे, चांगलंच आहे, वर्षाला एकशेवीस तास असे दोन वर्षं काम, पण ते कॉलेजात पोचलेल्यांसाठी, दहावीनंतर बोटीवर किंवा बागेत गेलेल्या पोराला ते मिळत नाही. राष्ट्र सेवा दल १९४१ पासूनचं, माझे सासरे त्यातले, त्यांची शिबिरं जिथे होतात तिथे जरूर पाठवा. रोटरॅक्ट, म्हणजे रोटरीचे तरुणांचे क्लब, अठराच्या पुढच्यांना. टोस्टमास्टर्सला बोलण्याचा सराव उत्तम होतो असं भाचा सांगतो पण त्याचा क्लब पुण्यात. चौदा वर्षांची मुलगी, बावीस वर्षांचा मच्छीमार आणि पन्नास वर्षांची बाई एका सतरंजीवर बसून एकच काम करतायत असं मला आमच्या बाजूला दुसरीकडे दिसलेलं नाही.

कुणी जावं? ज्यांना भाषण शिकायचंय त्यांनी नको, ते इथे होत नाही, माझी लेक अजूनही माइकसमोर अडखळते. ज्यांचं मंडळ, बचत गट, वाचनालय आहे आणि चार माणसांवर सगळं पडतंय त्यांनी जावं, एकट्याने नको, आपल्याकडच्या एका तरुणाला घेऊन जावं, कारण मोठ्यांनी एकट्याने शिकून गावात येऊन परत तेच पुढे पुढे करणं होतं. आमच्या गटातले जे जोडीने आले होते त्यांच्याच मंडळात पुढे काहीतरी हललं. ताट-वाटी घरून न्या, तिथे कमी पडतात.

मेच्या शेवटी वळवाच्या पावसात दीड दिवस वीज गेली. वादळ वगैरे नव्हतं, पण पोरांनी यादी काढली आणि कुणाला न विचारता वाटून घेऊन एकसष्ट घरांना विचारून आले, ज्यांचे फोन लागले त्यांना फोन, बाकीच्यांकडे पायी. टोकाच्या आजीने पिठाच्या डब्यावरचा नंबर आधीच लावून बघितला होता, तो लागला नाही, एक आकडा चुकलेला, सातच्या जागी एक लिहिलेला. पोरगा मार्कर घेऊन परत गेला आणि दुरुस्त करून आला.